देवघरातील मूर्ती : आकार, धातू आणि अर्थ

काही महिन्यांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. त्याची आजी वारली होती, पुण्यातले जुने घर रिकामे करायचे होते आणि देवघरातले सगळे देव एका ताम्हनात काढून ठेवले होते. त्याने ताम्हनाचा फोटो पाठवला आणि विचारले, "सर, तुम्ही आम्हाला ओतकाम शिकवलंत म्हणून विचारतोय. यात कोण कोण आहे? आणि आता यांचं करायचं काय?"

फोटोत पुढील वस्तू होत्या. रांगणारा पितळी बाळकृष्ण, त्याचे नाक झिजून जवळजवळ सपाट झालेले. हातात पळी घेऊन बसलेली अन्नपूर्णा. बोटभर उंचीचा गणपती. चांदीचे तीन पातळ टाक. एक काळा, गुळगुळीत, गोल दगड. आणि पितळेची लहानशी पिंडी, तिच्यात अंड्याच्या आकाराचा तपकिरी दगड बसवलेला.

हे टिपण त्या ताम्हनाच्या आधाराने लिहिले आहे. ताम्हन महाराष्ट्रातले आहे. तुमचे घर इंदूर, बडोदे, बेळगाव किंवा तंजावरला असेल तर काही नावे आणि रीती बदलतील. हिंदी प्रदेशात याच बाळकृष्णाला लड्डू गोपाल म्हणतात, टाक तुम्ही कदाचित पाहिलेही नसतील. पण वाचण्याची पद्धत सगळीकडे लागू पडेल. ती अशी की, घरातली मूर्ती बघण्यासाठी जितकी, त्याहून अधिक हाताळण्यासाठी घडवलेली असते. तिची उंची, वजन, धातू, बैठक आणि पुष्कळदा तिचा अर्थही त्या हाताळण्यातून आला आहे. हातात काय आहे, वाहन कोणते, एवढेच पाहिले तर निम्मी मूर्ती वाचायची राहून जाते.

चल आणि अचल

देवळातली मूर्ती सहसा पीठावर पक्की बसवलेली असते. ती अचल मूर्ती. घरातली मूर्ती उचलता येते, ती चल. याला अपवाद आहेत. तुळजापूरच्या भवानीची मूर्ती देवळातली असूनही चल आहे आणि वर्षातून ठरावीक वेळी ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात. पण सर्वसाधारण भेद हाच.

घरातली मूर्ती केवढी असावी याबद्दल मत्स्यपुराणात स्पष्ट मर्यादा दिली आहे. अंगठ्याच्या पेरापासून एका वितीपर्यंत, त्याहून मोठी घरात नको. वीत म्हणजे बारा अंगुळे, साधारण नऊ इंच. या नियमामागचे कारण म्हणून अनेक गोष्टी सांगितल्या जातात. मला सर्वात पटणारे कारण साधे आहे. एवढीच मूर्ती एका हाताच्या तळव्यात धरून दुसऱ्या हाताने धुता येते. वितीएवढी भरीव पितळी मूर्ती तीन-चार किलोच्या घरात जाऊ शकते. ती रोज ताम्हनात घेणे आणि पुन्हा जागेवर ठेवणे वृद्ध माणसाला जमणार नाही. घरची पूजा बहुतेक ठिकाणी वृद्ध माणसेच करतात, हे विसरू नका.

भागवतपुराणाच्या अकराव्या स्कंधात, सत्ताविसाव्या अध्यायात, प्रतिमांचे आठ प्रकार दिले आहेत : दगडाची, लाकडाची, धातूची, लेप देऊन केलेली (यात माती आली), रेखाटलेली, वाळूची, रत्नाची आणि मनातली. मराठी वाचकाला हा अध्याय परका नाही, कारण एकनाथांचे भागवत, जे त्यांनी १५७३ साली काशीत पुरे केले, ते याच अकराव्या स्कंधावर आहे. याच अध्यायात पुढे एक नियम येतो, आणि साहित्यशास्त्र शिकवणाऱ्या कोणालाही तो आवडेल. स्नान घालावे, पण लेपाच्या व चितारलेल्या प्रतिमेला नाही. तिथे नुसते पुसून घ्यावे. म्हणजे पदार्थ बदलला की उपचार बदलतो. गणेश चतुर्थीच्या पार्थिव मूर्तीवर आपण फुलाने पाणी शिंपडतो आणि अभिषेक मात्र शेजारी ठेवलेल्या सुपारीवर किंवा धातूच्या लहान गणपतीवर करतो. त्यामागे हाच विचार आहे. माती पाण्यात विरघळते, हे शास्त्राने लक्षात घेतले आहे.

छापील चित्रांचेही तसेच. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी आणि सरस्वती देशभरातल्या भिंतींवर पोहोचल्या. आज लक्ष्मी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जे रूप येते, त्यावर त्या छापील चित्रांचा मोठा ठसा आहे. तरीही तसबीर भिंतीवरच राहिली. तिला हार मिळतो, गंध लागते, पण ताम्हनात तिला जागा नाही.

पाहुण्यासारखे

षोडशोपचार पूजेतील सोळा उपचार एकदा सलग वाचून पाहा. आवाहन, आसन, पाय धुवायला पाणी, हात धुवायला पाणी, आचमन, स्नान, वस्त्र, जानवे, गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य, आणि शेवटी प्रदक्षिणा, नमस्कार व मंत्रपुष्प. घरी आलेल्या थोर पाहुण्याचे स्वागत जसे होईल तसाच हा क्रम आहे. रोजच्या देवांना आवाहन आणि विसर्जन करण्याची गरज मानत नाहीत, कारण ते पाहुणे नाहीत, घरातच राहतात. गणपतीच्या मातीच्या मूर्तीला मात्र दोन्ही आहेत.

पुष्टिमार्गात, म्हणजे वल्लभाचार्यांच्या संप्रदायात, ही कल्पना आणखी पुढे नेली आहे. तिथे 'मूर्ती' न म्हणता 'स्वरूप' म्हणतात आणि 'पूजा' न म्हणता 'सेवा'. मंगलेपासून शयनापर्यंत दिवसाचे आठ भाग आहेत : उठवणे, सजवणे, जेवू घालणे, झोपवणे. गुजरात किंवा राजस्थानातल्या वर्गमित्राच्या घरी हिवाळ्यात लोकरीचा अंगरखा घातलेले ठाकुरजी दिसले तर हसू नका. त्या घरात तो बालक आहे, आणि बालकाला थंडी वाजते.

बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती

आता ताम्हनाकडे वळू. रांगणाऱ्या बाळकृष्णाचा एक हात जमिनीवर टेकलेला आणि दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा असतो. मान वर, जणू कोणीतरी हाक मारली आहे. ओतारी म्हणून पाहिले तर हा आकार फार सोयीचा आहे. दोन्ही गुडघे आणि एक हात असे तीन आधार आहेत, आणि तीन पायांची वस्तू कधी डगमगत नाही. गुरुत्वमध्य खाली आहे. बाहेर आलेला एकच भाग म्हणजे लोण्याचा हात, आणि तोही आखूड. बासरी वाजवणाऱ्या, पाय दुमडून उभ्या कृष्णाशी तुलना करा. ती मूर्ती सुंदर दिसते, पण रोजच्या धुण्यात आधी बासरी वाकते. रोज हाताळायच्या देवघरात रांगता बाळ इतका रुजला, त्यात या दणकटपणाचाही वाटा असावा असे मला वाटते. भावनिक कारण तर उघडच आहे. बाळाला न्हाऊ घालणे हे घरातल्या बाईच्या हातवळणीचे काम.

अन्नपूर्णा मांडी घालून बसलेली असते आणि तिच्या हातात आडवी धरलेली पळी असते. काशीत तिचे प्रसिद्ध मंदिर आहे, आणि शंकराने तिच्याकडे भिक्षा मागितली अशी कथा आहे. महाराष्ट्रात ती घरात येते ती बहुधा लग्नातून. विवाहापूर्वी वधू गौरीहराशी बसते, तिथे या मूर्तीची पूजा करते, आणि माहेरहून दिलेली ही अन्नपूर्णा, पुष्कळदा बाळकृष्णासह, सासरी नेते. म्हणून जुन्या घरात एकाहून अधिक अन्नपूर्णा सापडल्या तर गोंधळू नका. एक आजीची, एक पणजीची, एक आईची असेल. देवघरातल्या वस्तूंपैकी हिचाच माग स्त्रियांच्या बाजूने काढता येतो. तिला वाटीत किंवा ताटलीत तांदळावर बसवतात. काही घरांत ते तांदूळ ठराविक दिवशी बदलतात आणि जुने शिजवतात. धान्यावर बसलेली, हातात वाढायची पळी असलेली ही देवी स्वयंपाकघराशी इतकी जोडलेली आहे की तिचा अर्थ सांगायला ग्रंथ उघडावा लागत नाही.

गणपतीबद्दल थोडक्यात. चार हातांत सहसा पाश, अंकुश, मोदक किंवा मोडलेला दात, आणि चौथा हात आशीर्वादाचा. पाश आणि अंकुश ही हत्ती आवरण्याची साधने आहेत आणि ती हत्तीच्याच हातात आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सोंड डावीकडे वळलेली असेल तर घरच्या पूजेला सोपा मानतात. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचे सोवळे फार, असा समज आहे. अष्टविनायकांत सिद्धटेकचा एकच उजव्या सोंडेचा.

इथे एक इशारा. मोठे कान म्हणजे जास्त ऐका, लहान डोळे म्हणजे एकाग्र व्हा, मोठे पोट म्हणजे सगळे पचवा, अशी यादी तुम्हाला दर भाद्रपदात फोनवर येत असेल. हे वाचन खोटे आहे असे मी म्हणणार नाही. प्रतीक हे नवे अर्थ घेतच राहते. पण ते व्यवस्थापनाच्या वर्गातले वाचन आहे. दत्ताजवळचे चार कुत्रे म्हणजे चार वेद आणि गाय म्हणजे पृथ्वी, हेही असेच जोडलेले वाचन आहे, फक्त जुने आणि आता परंपरेत मुरलेले. अर्थ वाचताना 'हा अर्थ कोण, कोणासाठी सांगतो आहे' हे विचारायची सवय ठेवा.

टाक : कुळाची ओळख

ताम्हनातले तीन टाक हा त्या घराचा खरा दस्तऐवज होता. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठसा उठवून केलेली देवाची प्रतिमा. आकार चौकोनी, वर निमुळता किंवा गोलसर, उंची एक-दोन इंच. पत्रा पातळ असल्याने पुष्कळदा मागे तांब्याचा जोड असतो. ही ओतीव वस्तू नाही. खोदलेल्या साच्यावर पत्रा ठेवून तो ठोकला की उठाव येतो. म्हणजे आमच्या कार्यशाळेच्या भाषेत हे ओतकाम नव्हे, पत्र्याचे काम.

टाकावर कुळदैवत असते. घोड्यावर स्वार झालेला खंडोबा, सोबत म्हाळसा, कधी खाली कुत्रा. महिषासुराला मारणारी अष्टभुजा भवानी. जोतिबा, बहिरोबा. आणि वीर, म्हणजे कुळातला कोणी लढाईत किंवा अकाली गेलेला पुरुष. नाशिकला धुळवडीच्या दिवशी अशा वीरांचे टाक गोदावरीवर स्नानाला नेतात. एरवी देव आणि पूर्वज यांच्या पूजा वेगळ्या ठेवण्याकडे कल असतो, पण टाकांच्या रांगेत दोघे शेजारी उभे असतात.

अडचण अशी की खंडोबाही घोड्यावर, जोतिबाही घोड्यावर, वीरही घोड्यावर. दोन इंचांच्या पत्र्यावर, पन्नास वर्षांच्या घासण्यानंतर, हातात खड्ग आहे की आणखी काही हे कळत नाही. म्हाळसा सोबत बसलेली दिसली तर प्रश्न सुटतो. स्वार एकटा असेल तर घरातल्या माणसालाच विचारावे लागते. आणि घरातले ते एकच माणूस गेलेले असते तेव्हाच नेमका प्रश्न पडतो. म्हणून या टिपणातून एकच काम करणार असाल तर हे करा : या सुट्टीत घरी गेलात की देवघरातल्या प्रत्येक टाकाचा फोटो काढा आणि आजी-आजोबांकडून त्याचे नाव लिहून घ्या. मूळ गाव कोणते, कुळदैवताचे ठाणे कुठले, हेही सोबत लिहा.

टाकांची आणखी एक रीत सांगण्यासारखी आहे. भाऊ वेगळे झाले, चूल वेगळी झाली, की धाकटा भाऊ आपल्यासाठी नवे टाक करून घेतो. मूळचे बहुधा थोरल्याकडे राहतात. नवे टाक सोनाराकडून आणले की ते कुळदैवताच्या क्षेत्री नेऊन मूळ देवाला भेटवतात, मग घरात बसवतात. जुने टाकही वेळोवेळी उजळून असेच भेटीला नेले जातात. सोमवती अमावास्येला जेजुरीचा खंडोबा पालखीतून कऱ्हा नदीवर स्नानाला जातो, त्या दिवशी घरचे देव घेऊन आलेली कुटुंबे तुम्हाला तिथे दिसतील. इथे 'चल' या शब्दाचा अर्थ पुरता कळतो. घरातला देव हिंडतो, भेटतो, आणि घरी परत येतो.

दगड : ज्यांना आकार दिलेला नाही

काळा गोल दगड हा शाळिग्राम. तो नेपाळमधल्या गंडकी नदीत सापडतो आणि विष्णूचे रूप मानला जातो. भूशास्त्राच्या दृष्टीने बहुतेक शाळिग्राम म्हणजे अ‍ॅमोनाइट या समुद्री प्राण्याचे जीवाश्म असलेले दगड आहेत. हिमालय उभा राहण्यापूर्वी तिथे समुद्र होता, आणि हे प्राणी साधारण चौदा-पंधरा कोटी वर्षांपूर्वीचे. शंखाच्या वेटोळ्यावरच्या रेषा दगडावर उमटल्या, त्यांनाच परंपरेने चक्र म्हटले. आत सोनेरी चकाकी दिसली तर ती बहुधा पायराइटची, म्हणजे लोह आणि गंधकाच्या संयुगाची असते.

हे सांगितले की वर्गात दोन गट पडतात. एक म्हणतो, पाहा, साधा जीवाश्म निघाला. दुसरा म्हणतो, आपल्या पूर्वजांना सगळे आधीच माहीत होते. दोन्ही घाईचे निष्कर्ष आहेत. ज्यांनी तो उचलला त्यांनी एवढेच पाहिले की माणसाचे हत्यार न लागता या दगडात विष्णूचे चिन्ह आहे. म्हणूनच शाळिग्रामाची प्राणप्रतिष्ठा करावी लागत नाही. मूर्ती माणूस घडवतो, म्हणून तिच्यात देवाला बोलवावे लागते. हा घडवलेलाच नाही. पिंडीतला तपकिरी दगड म्हणजे नर्मदेतला बाण, त्यालाही तोच नियम. वाहत्या पाण्यात घासून घासून तो लंबगोल झाला आहे. खालची पितळी बैठक, शाळुंका, मात्र माणसाची. तिची पन्हळ उत्तरेकडे करून ठेवतात, अभिषेकाचे पाणी तिकडून वाहून जाते.

काही घरांत असे पाच एकत्र ठेवतात, त्याला पंचायतन म्हणतात. विष्णू, शिव, गणपती, देवी आणि सूर्य. ही पद्धत शंकराचार्यांनी घालून दिली असे परंपरा मानते. फाशावरच्या पाच ठिपक्यांसारखी मांडणी : घराचे मुख्य दैवत मध्ये, उरलेली चार कोपऱ्यांत. शिवपंचायतनात मध्ये बाण, ईशान्येला विष्णू, आग्नेयेला सूर्य, नैर्ऋत्येला गणपती, वायव्येला देवी. दैवत बदलले की मधली जागा बदलते, पाचही तेच राहतात. शैव-वैष्णव वादावर एवढ्या कमी जागेत काढलेला दुसरा तोडगा मला माहीत नाही.

दगडच कशाला, सुपारीही चालते. सत्यनारायणाच्या चौरंगावर नवग्रह सुपारीचे असतात. कोकणस्थांकडे गौरी येतात त्या पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांच्या. हातपाय, मुकुट, आयुधे यांच्याशिवाय पूजा अडत नाही, हे भारतातल्या घरगुती पूजेने फार पूर्वीच ठरवून टाकले आहे.

धातू, झीज आणि चिंच

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, कांसे म्हणजे तांबे आणि कथील. पंचधातूचे मिश्रण प्रांताप्रांतात बदलते, पण त्यात मुख्य वाटा तांब्याचाच असतो. बाजारातल्या बहुतेक लहान पितळी मूर्ती वाळूच्या साच्यात ओततात. उत्तर प्रदेशातले मुरादाबाद पितळकामासाठी प्रसिद्ध आहे. तमिळनाडूत कुंभकोणमजवळ स्वामीमलै इथे मात्र मेणाच्या पद्धतीने मूर्ती होतात : मेण आणि राळ यांची मूर्ती घडवायची, तिच्यावर कावेरीच्या गाळाचे थर द्यायचे, तापवून मेण बाहेर काढायचे, पोकळीत धातू ओतायचा, मग साचा फोडायचा. साचा एकदाच वापरला जातो, म्हणून तिथली प्रत्येक मूर्ती एकटी असते. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ग्रंथात या पद्धतीचे वर्णन आहे आणि मेणाचे वजन करून त्यावरून धातू किती घ्यायचा हेही आहे. हिशोब तुम्ही स्वतः करू शकता. मेणाची घनता सुमारे ०.९६, पितळेची ८.५. म्हणजे मेणाच्या साधारण नऊपट पितळ लागेल, वर वाया जाणाऱ्या धातूची थोडी भर.

घरी हाही प्रयोग करा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मूर्तीचे वजन करा. मग काट्यावर पाण्याने भरलेले भांडे ठेवा, काटा शून्यावर आणा, आणि मूर्ती दोऱ्याला बांधून तळाला न टेकवता पूर्ण बुडवा. काटा जो आकडा दाखवेल तेवढे तिचे आकारमान, घनसेंटिमीटरमध्ये. मूर्ती ३४० ग्रॅम आणि आकडा ४० असेल तर घनता ८.५, भरीव पितळ. घनता बरीच कमी आली तर आत पोकळी आहे किंवा धातू वेगळा. (घरात आधी विचारा. देवांना दोऱ्याला बांधलेले सगळ्यांना आवडत नाही.) मूर्ती उलटी करून कडेने बारीक रेघ दिसते का तेही पाहा. ती दोन अर्ध्या साच्यांची शिवण असते.

आता झीज. आजीचा बाळकृष्ण रोज धुतला जाई आणि सणाआधी चिंच लावून घासला जाई. चिंचेतली आम्ले तांब्याचा काळसर ऑक्साइड विरघळवतात, म्हणून पितळ लखलखते. पण मूर्ती चिंचेत तासभर पडून राहिली तर आम्ल जस्ताला आधी ओढते आणि पृष्ठभाग तांबूस दिसू लागतो. त्यात विटेची भुकटी किंवा राख आली की घासणे सुरू. विटेत क्वार्ट्झ असते, मोहच्या मापावर त्याचे काठिण्य ७, पितळेचे ३ च्या आसपास. समजा दिवसाला मिलिमीटरचा दहा हजारावा भाग झिजतो असे धरले, तर तीस वर्षांत एक मिलिमीटरहून थोडे जास्त. दोन इंचांच्या मूर्तीचे नाक केवढे असते? तेवढेच. म्हणून चिंच लावून लगेच धुवा, मऊ कापडाने पुसा, कोरडे करा. पंचामृताचे दही आणि मध खाचांत राहू देऊ नका, तिथेच हिरवा थर धरतो.

झीज आणि भंग

विद्यार्थ्याचा मुख्य प्रश्न हा होता. हात-पाय तुटलेली, तडा गेलेली मूर्ती परंपरेत खंडित मानतात आणि पूजेतून काढतात. शाळिग्रामाला यातून सूट आहे, चक्र शाबूत असेल तर तो तुटला तरी चालतो असे मानतात. झिजलेल्या मूर्तीबद्दल घरोघरी मत वेगळे. कोणी म्हणतात चेहरा दिसेनासा झाला की बदलावी. माझे मत वेगळे आहे. तडा हा अपघात असतो. झीज ही तीस-चाळीस वर्षांच्या स्नानाची नोंद असते, आणि ज्या कामासाठी मूर्ती घडवली ते काम झाल्याचा तो पुरावा आहे. तरीही हा निर्णय घरच्यांचा, माझ्यासारख्या बाहेरच्याचा नाही.

नदीत सोडणे हा जुना मार्ग आहे, पण पितळ पाण्यात विरघळत नाही, ते तळाच्या गाळात पडून राहते. धातूची मूर्ती वितळवून त्याच धातूची नवी करून घेता येते. टाकांच्या बाबतीत सोनार हे नेहमीच करत आले आहेत. जुन्या टाकाची चांदी नव्यात घालतात.

त्याच्या घरी शेवटी असे ठरले. शाळिग्राम आणि बाण रोज नियमाने पूजा करणाऱ्या काकांकडे गेले, कारण शाळिग्रामाला तुळस आणि बाणाला बेल रोज मिळायला हवा आणि तो बंगळूरच्या भाड्याच्या घरात शक्य नव्हता. बाळकृष्ण आईने आहे तसाच ठेवून घेतला. अन्नपूर्णा बहिणीने मागितली. गणपती तो स्वतः घेऊन गेला. रोज स्नान घालायला वेळ होत नाही, मग चालेल का, असे त्याने विचारले, तेव्हा मी त्याला पुसण्याचा नियम सांगितला. तो खरे तर चित्रांसाठी आहे, हेही सांगितले. हसून म्हणाला, रविवारी धुतो.

तीन टाकांपैकी भवानीचा आणि खंडोबाचा ओळखू आला. भवानीचा कडेला फाटला होता, तो त्याच चांदीत नवा करायला दिला आहे. तिसऱ्यावरचा एकटा घोडेस्वार कोण, ते अजून कळलेले नाही. सातारा जिल्ह्यातल्या मूळ गावी त्यांचे एक चुलत आजोबा आहेत, नव्वदीतले. जेजुरीला जाण्याआधी त्यांना भेटून यायचे ठरले आहे.